एक्सचेंजवाल्याचे पाच तारे

मावशीला कोणी विचारलं, तुम्ही नोकरीत नेमकं काय करता, तर ती म्हणायची, "लोकांची बोलणी खाते आणि वर त्यांचे आभार मानते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई थट्टा करतेय. पण थट्टा नव्हती. सख्ख्या भाच्याच्या कंपनीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून मावशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढंच करायची.

कंपनी म्हणायची ती आपली कौतुकाने. तीन टेबलं, पाणी उकळायची एक किटली आणि भिंतीवर एक पांढरा फळा. फळ्यावर भाचा सकाळी काहीतरी मोठं मोठं लिहायचा आणि संध्याकाळी स्वतःच पुसून टाकायचा. खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज यायचा. या खोलीतून मोबाईलवर खेळायचा एक गेम निघाला होता, 'बुरुजाखालची वाट' नावाचा. त्यात पाहण्यासारखं काहीही नव्हतं. धावाधाव नाही, ठो-ठो नाही, रंगांची उधळण नाही. पडद्यावर चार-सहा ओळी मजकूर यायचा. तुम्ही राजाचे जासूद आहात, अंधार पडलाय, पुढचा पूल तुटलाय आणि तुमचं बोलकं गाढव घाबरून रस्त्यातच बसलंय. खाली तीन-चार पर्याय. पूल ओलांडा. गाढवाची समजूत काढा. मागे फिरा. जे दाबाल तशी गोष्ट पुढे सरकायची, आणि एकदा दाबलं की दाबलं, तिथून माघार नाही. सगळे बुरूज पार करायला लोकांना महिनोन्महिने लागायचे.

मावशी इथे आली ती छापखाना बंद पडल्यावर. उभी हयात तिने मुद्रितशोधनात घालवली होती. पाठ्यपुस्तकं, औषधांबरोबरचे घडीचे कागद, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्या नजरेखालून गेलेलं. छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती घरात बसून डब्यांवरची लेबलं तपासायला लागली, आणि बहिणीने मुलाला दटावलं, "अरे, तुझ्या त्या गेममध्ये एवढं लिहिलेलं असतं, ते मावशीला तरी दाखव." भाच्याने दाखवलं. मावशीने पट्टी घेतली, पडद्यावर ओळीखाली आडवी धरली आणि सबंध गेम वाचून काढला. भाच्याने 'बुरूज' इतक्या तऱ्हांनी लिहिला होता की तो स्वतःच ओशाळला. मग ती तिथेच राहिली. गेम जिथून उतरवायचा त्या ऑनलाइन दुकानात लोक एक ते पाच तारे देऊन मतं लिहायचे, त्यांना उत्तरं द्यायचं काम कोणालाच नको होतं, ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं. उत्तराखाली नुसतं 'मावशी' असं लिहायची कल्पना भाच्याची. खेळणाऱ्यांना ते आवडलं. परकी माणसंसुद्धा "मावशी, हे काय चाललंय?" असं हक्काने विचारू लागली.

आता मावशीची वाचायची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मुद्रितशोधकाची नजर चुकीवरच थांबते. बरोबर असलेली ओळ त्याला दिसतच नाही, ती दिसू नये यासाठीच त्याला पगार असतो. मावशीने तीच नजर इथे आणली. एक तारा देणाऱ्याचं मत ती पट्टी धरून दोनदा वाचायची. दोन तारेवाल्याला सविस्तर उत्तर. तीन तारेवाल्याची मनधरणी. आणि पाच तारे दिसले, की खालचा मजकूर न वाचताच ठरलेलं वाक्य चिकटवायची, 'धन्यवाद! तुमचं प्रेम असंच राहू द्या. – मावशी.' खूश माणसाचं काय वाचायचं? तो खूशच आहे.

या रीतीचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो 'कडूकारलं' नावाने लिहिणाऱ्या एका खवट माणसाला. हा गृहस्थ गेम सोडायचा नाही आणि एका ताऱ्याच्या वर चढायचा नाही. 'नुसती अक्षरं. हा गेम आहे की शाळेची परीक्षा?' असं काहीबाही दर आठवड्याला बदलून लिहायचा. मावशी त्याला पत्रासारखी लांबलचक उत्तरं द्यायची. तिच्याही नकळत तिला तो आवडत असावा. छापखान्यातला फोरमन असाच होता.

सोमवारी सकाळी मावशी भाच्याला आठवड्याभराच्या मतांचं सार सांगायची. म्हणजे अर्थात नाराज लोकांच्या मतांचं. "चित्रं हवीत म्हणतात सगळे," ती सांगायची. "बटणांवर शब्द कशाला, तलवारीचं चित्र टाका, गाढवाचं टाका, दाराचं टाका. सगळ्यांचं हेच."

"सगळ्यांचं?" भाचा एकदा म्हणाला. "नक्की ना?"

"अरे, मी रोज वाचते," मावशी म्हणाली. तिच्या मते ती खरंच बोलत होती.

भाच्याने दोन महिने मान मोडून चित्रं बसवली. गेम उघडताच 'लवकरच चित्रं येत आहेत' अशी पाटीही लावली. नवीन आवृत्ती निघाली आणि तारे चढले. कडूकारल्यानेसुद्धा 'ठीक. डोळ्यांना बरं वाटतं' असं लिहून दुसरा तारा दिला. त्या दिवशी भाच्याने मावशीसाठी हातांची फिरती खुर्ची आणली. मावशी तिच्यात बसून गोल फिरली आणि बहिणीला फोन करून म्हणाली, "तुझा मुलगा माझ्या शब्दावर कंपनी चालवतो हो!"

त्यानंतर काही दिवसांनी कडूकारल्याने आपलं मत पुन्हा बदललं. मावशीने सवयीने पट्टी धरली.

'मावशी, माझं राहू द्या. एक्सचेंजवाल्याने काय लिहिलंय ते वाचलंत का? की वाचणारीलाही दिसत नाही?'

मावशीला आधी राग आला, मग उत्सुकता. तिने 'एक्सचेंजवाला' हे नाव शोधलं. सापडलं. पाच तारे. खाली तिचंच उत्तर, 'धन्यवाद! तुमचं प्रेम असंच राहू द्या.' आणि वर त्याचा मजकूर:

'पाच तारे, कारण गेम अजून चांगलाच असणार. पण मला आता खेळता येत नाही. मला दिसत नाही. माझा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. पूर्वी तो सांगायचा, पूल ओलांडा, मागे फिरा. आता म्हणतो, बटण, बटण, बटण, बटण. यातलं कुठलं दाबू? शेवटच्या बुरुजापाशी अडकलोय. कोणी सांगेल का?'

मावशीच्या कानशिलात कोणीतरी लगावल्यासारखं झालं. तिने पट्टी खाली ठेवली आणि पुन्हा वाचलं. आंधळ्या माणसाने विचारलं होतं, कोणी सांगेल का, आणि तिने सांगितलं होतं, धन्यवाद.

त्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक माणसाचं शेवटचं मत तेवढं दिसतं, पण ऑफिसच्या मेलवर जुनी सगळी येऊन पडलेली असतात. मावशीने ती उघडली. एक्सचेंजवाला गेले कित्येक महिने लिहीत होता. पहिल्यांदा लिहिलं होतं की हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर काम करतो, दुपारी फोन कमी असतात तेव्हा एका कानाने हॉस्पिटल आणि एका कानाने जासूद. मग तिसरा बुरूज, मग पाचवा, मग गाढवाच्या भित्रेपणावर एक झकास विनोद. आणि चित्रांची पाटी लागली त्या आठवड्यात त्याने लिहिलं होतं, 'चित्रं येणार म्हणे. येऊ द्या, लोकांना हवीत. फक्त प्रत्येक बटणाला आतून नाव द्यायला विसरू नका, नाहीतर माझा फोन नुसता बटण-बटण करील.' दर वेळी पाच तारे. दर वेळी खाली मावशीचं प्रेम.

"सगळ्यांचं हेच," असं आपण म्हणालो होतो, हे मावशीला आठवलं. त्यानंतर महिन्याभरातच हे मत येऊन पडलं होतं. चित्रं बसवायला अजून अख्खा महिना शिल्लक होता. तिने वाचलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं.

खरं तर तिने त्या क्षणी शांत बसायला हवं होतं. पण अपराधी माणसाला शांत बसवत नाही. त्याला काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं, आणि समोरच्याचं भलं करायच्या घाईत तो आपलंच ओझं उतरवत असतो. भाचा बाहेर गेला होता. मावशीला आठवलं, कोणाचा गेम अडकला की भाचा फोनवर सांगायचा, "काढून टाका आणि परत टाका, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात." तिने धडाधड लिहिलं, 'फार फार क्षमा मागते. गेम फोनवरून काढून टाका आणि पुन्हा टाका, म्हणजे चालेल. – मावशी.' पाठवलं आणि तिला बरं वाटलं. किटली लावून तिने चहासुद्धा केला.

भाचा परत आला तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं. भाच्याने खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही.

"मावशी, काढून टाक म्हणालीस? अगं, तो प्रश्न बटणांच्या नावांचा आहे, परत टाकून काय होणार! आणि आपल्या गेममध्ये माणूस कुठवर पोचला ते सगळं त्याच्या फोनवरच असतं. गेम काढला की सगळं पुसलं जातं. मी सांगतो ते ज्यांचा गेम उघडतच नाही त्यांना!"

"मग आता?"

"बदल पटकन. त्याने अजून पाहिलं नसेल."

मावशीने ते उत्तर खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'थोडं थांबा. आम्ही लक्ष घालत आहोत. – मावशी.' आधीच्या उत्तराचा मागमूस राहिला नाही. छापखान्यात अशी सोय असती तर तिचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. त्या संध्याकाळी ती स्वतःची समजूत घालत राहिली, की लोक कुठे लगेच वाचतात, एक-दोन दिवस जातातच.

दोन दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. आवाज इतका स्वच्छ आणि अदबशीर होता, की मावशीला वाटलं बँकेतून आहे.

"नमस्कार. 'बुरुजाखालची वाट'चं ऑफिस ना? मावशी आहेत का?"

"मीच बोलतेय."

"अरे वा! मी तुमचा आवाज जाडजूड धरला होता. मी एक्सचेंजवाला."

मावशी हसली.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "पुसलेला गेम परत येतो का हो? माझा गेला. सगळा. पुन्हा पहिल्या पानावर आलोय, आणि तिथेही बटण-बटणच आहे."

"नाही," मावशी म्हणाली. "परत येत नाही."

"मला वाटलंच. तुमचा काही दोष नाही, मीच काहीतरी भलतं दाबलं. गंमत सांगू का? मला पक्कं आठवतंय, की तुम्ही लिहिलं होतं, काढून टाका आणि पुन्हा टाका. पण परत ऐकायला गेलो तर तिथे तसलं काहीच नाही! थोडं थांबा, एवढंच आहे. म्हणजे बघा. मनानेच घेतलं मी." तो हसला. "बहीण आधीपासून सांगतेय, तुला त्या फोनमधलं कळत नाही, उगाच बोटं घालू नकोस. मी भांडायचो तिच्याशी. डोळे गेले तेव्हापासून सगळं दुसऱ्याच्या हातून होतं, फोन तेवढा मी माझा माझा शिकलो होतो. पण न लिहिलेलं ऐकू यायला लागलं तर कठीण आहे ना? उद्या कोणालातरी भलतेच पैसे पाठवून बसायचो. म्हणून बँकेचं, औषधांचं, सगळं आता तिच्या फोनवर दिलंय. बरंच झालं म्हणा."

मावशीने तोंड उघडलं. आत्ता सांगायचं, ती मनाशी म्हणाली. एक वाक्य. तुम्ही बरोबर ऐकलंत, मी लिहिलं होतं. आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"असू द्या हो. होतं असं कधीकधी माणसाच्या हातून. मनाला लावून घेऊ नका."

"फार चांगल्या आहात तुम्ही," तो म्हणाला. "म्हणूनच मी कधी पाचाच्या खाली उतरलो नाही. छोटी कंपनी, उगाच कोणाच्या पोटावर पाय यायचा. ठेवू?"

त्याने ठेवला. मावशीनेही रिसिव्हर खाली ठेवला. आपली चूक तिने त्याच्या पदरात घातली होती. तेवढ्यावर न थांबता मोठ्या मनाने त्याला माफही केलं होतं. आयुष्यात ती खोटं बोलली नव्हती असं नाही, पण इतकं गोड खोटं कधी बोलली नव्हती.

भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चिडला नाही ना? मग झालं तर. बटणांचं बघतो मी, पुढच्या महिन्यात." भाचा वाईट नाही. त्याच्यापुढे हजारो माणसं होती, आणि त्यातला हा एक. मावशीपुढे मात्र आता हा एकच उरला होता.

पुढच्या महिन्यापर्यंत तिला दम निघेना. तिने भाच्याच्या मागे लागून सगळ्या चित्रांचे कागद काढून घेतले आणि प्रत्येकाखाली नाव लिहायला बसली. तलवार उपसा. दार ठोठावा. गाढवाला थापटा. भाच्याचं काम मग नावं जागच्या जागी बसवण्यापुरतं उरलं. तपासायला म्हणून तिने स्वतःच्या फोनचं वाचून दाखवणं चालू केलं, डोळे मिटले आणि साधा बहिणीला फोन लावून पाहिला. लागला तो गॅसवाल्याला. पुन्हा लावला, पुन्हा गॅसवाला. त्याने तिला चार शब्द सुनावले, आणि ती मुकाट्याने ऐकत राहिली. हा माणूस असल्या फोनवर शेवटच्या बुरुजापर्यंत पोचला होता. आणि आज तो फोनला हात लावण्याआधी बहिणीला विचारत असेल.

रविवारी बहिणीकडे जेवायला गेली, तर घास गिळेना. बहीण म्हणाली, "तब्येत बरी नाही का?" मावशी म्हणाली, "ताई, मी एका माणसाला वेडं ठरवलंय." ताईला काही कळलं नाही. तिने ताक पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मग जाऊन सांग की, तू वेडा नाहीस म्हणून. इथे मला काय सांगतेस?" थोरल्या बहिणी अशाच असतात, अर्धवट ऐकतात आणि नेमकं बोलतात. मावशी उठली ती नीट न जेवताच.

सोमवारी दुपारी, भाचा समोर असतानाच, त्याचा फोन हॉस्पिटलच्या ज्या नंबरावरून आला होता, तो तिने फिरवला.

"नमस्कार. कोणाशी जोडून देऊ?"

"तुमच्याशीच बोलायचंय."

"माझ्याशी? इतक्या वर्षांत मला कोणी मागितलं नव्हतं. कोण, मावशी का?"

"हो. तुम्ही जे ऐकलंत ना, काढून टाका आणि पुन्हा टाका—"

"एक मिनिट हं, दुसरी लाइन आहे." टुणटुण संगीत सुरू झालं. कोणीतरी क्ष-किरण विभाग मागत असणार. तेवढ्यात ठेवून द्यावा असं तिला मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. "हं, बोला."

"ते मी लिहिलं होतं. तुम्ही बरोबर ऐकलंत. तुमचं काहीही चुकलं नाही. मला माहीत नव्हतं की त्याने गेम पुसला जातो, आणि कळल्यावर मी ते उत्तर खोडून दुसरं—"

"एक मिनिट." पुन्हा टुणटुण. या वेळी बराच वेळ. भाचा फळ्याकडे पाहत होता, पण लिहीत काहीच नव्हता. "बोला."

"खोडून दुसरं लिहिलं. आणि तुम्ही फोन केलात तेव्हा मी गप्प बसले. गप्प कसली, उलट म्हणाले, होतं असं माणसाच्या हातून. झालं ते माझ्या हातून झालं. आणि बटणांचं तुम्ही आधीच लिहिलं होतंत. मी वाचलं नव्हतं. पाच तारे दिसले की मी वाचतच नाही."

पलीकडे दुसरी लाइन वाजताना तिला ऐकू येत होती. त्याने ती उचलली नाही.

"वाचतच नाही?" तो म्हणाला.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही वाचलं. माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

"बहिणीला मी माझे पासवर्ड देऊन टाकलेत, मावशी," तो म्हणाला. आवाज तसाच स्वच्छ होता, फक्त त्यातली अदब गेली होती. "पंधरा दिवस मी लिफ्टचं बटणसुद्धा दोनदा चाचपून दाबतोय. लाइन वाजतेय. ठेवतो."

मावशीला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. एवढंच झालं, की आता तो स्वतःला बोल लावत नव्हता, तिला लावत होता, आणि ते बरोबर होतं. भाचा उठला आणि पुढच्या महिन्याचं काम त्याने त्याच दिवशी सुरू केलं. आठवडाअखेरीस बटणांना नावं मिळाली. मावशीने फोन डोळ्यांपुढून बाजूला धरून पहिला बुरूज ऐकत ऐकत पार केला. त्याला कळवायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

मग एका सकाळी त्याचं मत बदललेलं दिसलं. एक तारा.

'आधी चित्रं आली आणि बटणं मुकी झाली. मी अगोदरच लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही. मग चुकीचा सल्ला दिला, आणि तो सल्ला पुसून टाकला. त्या पंधरा दिवसांत माझा माझ्या कानांवरचा आणि बोटांवरचा विश्वास उडाला. बहिणीकडून सगळं परत घेताना भांडण झालं, ती अजून बोलत नाही. बटणांना आता नावं आहेत, चांगली आहेत. पण मी गेम काढून टाकला आहे, या वेळी माझ्या मर्जीने. एक तारा देतोय, कारण त्याहून कमी द्यायची सोय नाही.'

"बाप रे," भाचा तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाला. "हे सगळ्यात वर दिसतंय गं. मावशी, तुझ्याशी तो बोलतो ना? लाव एक फोन. निदान तीन तरी कर म्हणावं."

"नाही," मावशी म्हणाली. "ते तिथेच राहील."

"अगं, पण लोक वाचतील."

"वाचू देत."

एक तारेवाल्यांसाठीचं ठरलेलं वाक्य बोटांखाली आपोआप उमटायला लागलं होतं, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल. तिने ते खोडलं. मग स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या, छापखान्याच्या, सवयीच्या, आपल्याला किती वाईट वाटतंय त्याच्या. वाचून पाहिल्या. त्यातही शेवटी आपल्यालाच बरं वाटायची सोय केलेली तिला दिसली, म्हणून त्याही खोडल्या. डोळे भरून आल्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता. तिने पट्टी उचलली, त्याच्या पहिल्या ओळीखाली आडवी धरली आणि ती ओळीओळीने खाली सरकवत गेली. शेवटाला पोचल्यावर तिने लिहिलं:

'वाचलं. सगळं खरं आहे. – मावशी.'